नवे इंडी रॉक अल्बम: खान्देशातल्या नव्या श्रोत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आम्ही काही जण महिन्यातल्या एका रविवारी एकत्र बसतो आणि एक अख्खा अल्बम ऐकतो. भुसावळ, अमळनेर, कधी शिरपूरहूनही मंडळी येतात. बहुतेकांच्या कानावर हे संगीत आधी पडलेलं नसतं, त्यामुळे त्यांचे प्रश्न मोकळे असतात. तेच प्रश्न इथे उत्तरांसह मांडले आहेत. सुचवलेला प्रत्येक अल्बम मी मनापासून ऐकलेला आहे.

इंडी रॉक म्हणजे नक्की काय?

इंडी म्हणजे 'इंडिपेंडंट', स्वतंत्र. गिटार, बेस, ड्रम आणि गळा यांवर उभं असलेलं, पण मोठ्या संगीत कंपन्यांच्या बाहेर वाढलेलं रॉक. लंडनमध्ये 1976 साली रफ ट्रेड नावाचं रेकॉर्डचं दुकान उघडलं आणि 1978 मध्ये त्या दुकानाने स्वतःच रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये फॅक्टरी ही कंपनी निघाली. अमेरिकेत सिअ‍ॅटलची सब पॉप, न्यूयॉर्कची मॅटाडोर, नॉर्थ कॅरोलिनातली मर्ज या कंपन्या 1980च्या दशकात उभ्या राहिल्या. थोडं भांडवल, छोटी टोळी, आणि गाणं कसं असावं हे ठरवायचा हक्क गाणाऱ्याकडे, असा एकूण मामला. आज सीमा सैल झाल्या आहेत, काही बँड मोठ्या कंपन्यांकडेही गेले. तरी ऐकताना तो हट्ट जाणवतो: हे गाणं असंच हवं होतं म्हणून असं आहे, बाजारात चालेल म्हणून नाही.

मी आजवर जुनी हिंदी गाणी, भजनं आणि लग्नातली अहिराणी गाणी ऐकली. सुरुवात कुठून करू?

तुम्हाला आधीपासून जे आवडतं तिथून. "सर्वोत्तम शंभर अल्बम" अशा याद्या नव्या माणसाला दमवतात. त्या याद्यांमधले अल्बम चांगलेच असतात, पण तुमचे कान कशावर वाढले हे त्या यादीला माहीत नसतं. म्हणून आमच्याकडे कुणी नवं आलं की मी आधी विचारतो, कोणतं गाणं लागलं की तुम्ही हातातलं काम थांबवता? उत्तरावरून अल्बम निघतो.

जुन्या हिंदी सिनेमातली संथ, जराशी मदहोश चाल आवडत असेल तर दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीपासून सुरू करा. आधी 2019 चा 'बिस्मिल्लाह', मग 2024 चा 'बीटा'. सूर्यकांत साहनी यांचा आवाज खोल आहे आणि गाणी इंग्रजी असली तरी त्यांच्या अंगात आपल्याकडच्या मैफलीचा आणि वरातीचा वारा आहे.

लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेट ऐकून अंगावर काटा येत असेल, आणि खान्देशात असे लोक खूप आहेत, तर बेरूट या अमेरिकी बँडचा 2006 चा 'गुलाग ऑर्केस्टार' घ्या. बाल्कन प्रदेशातल्या पितळी वाद्यांच्या बँडवरून स्फुरलेला हा अल्बम आहे. नवा नाही, पण दार म्हणून उत्तम. तो रुचला की त्याच बँडचा 2025 चा 'अ स्टडी ऑफ लॉसेस' ऐका.

आणि सातपुड्यातल्या होळीत ढोल-पावरीच्या तालावर ज्यांचे पाय रात्रभर थांबत नाहीत, त्यांच्यासाठी माझं एकच नाव ठरलेलं आहे: एमदू मोक्तार. नायजर देशातला हा तुआरेग जमातीचा गिटारवादक. घरी इलेक्ट्रिक गिटार पसंत नव्हती, तेव्हा त्याने सायकलच्या तारा लावून स्वतःची पहिली गिटार बनवली. त्याची सुरुवातीची गाणी सहारा वाळवंटाच्या भागात मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून पसरली, एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये. मोबाइलच्या दुकानात बसून कार्ड भरून घेणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. 2024 चा त्याचा 'फ्यूनरल फॉर जस्टिस' रागाने पेटलेला अल्बम आहे. वसाहती राजवटीने आपल्या मुलखाचं काय केलं, हा त्याचा विषय. 2023 च्या जुलैमध्ये नायजरमध्ये लष्करी उठाव झाला तेव्हा हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता आणि त्यांना घरी परतता येईना. पुढे हीच गाणी त्यांनी बिनविजेच्या वाद्यांवर पुन्हा वाजवली आणि 2025 मध्ये 'टिअर्स ऑफ इनजस्टिस' या नावाने काढली. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका. तीच गाणी एकदा संतापलेली, एकदा शोकात बुडालेली.

भो, शब्दच समजत नाहीत. मग ऐकायचं काय?

मोक्तार तमाशेक भाषेत गातो. सिअ‍ॅटल आणि लंडनमध्ये त्याच्या कार्यक्रमाला उभे राहणारे लोक त्यातलं अक्षरही समजत नाहीत. तेव्हा पहिल्या ऐकण्यात शब्द सोडून द्या. बेस कुठे चालतोय, ड्रम कधी थांबतो, गाणारा श्वास कुठे घेतो, याकडे कान लावा. दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवा. इंग्रजीतले उच्चार वेगवेगळ्या गावांचे असल्यामुळे चांगलं इंग्रजी येणाऱ्यालाही सगळं पकडता येत नाही. बँडकॅम्प या अल्बम विकणाऱ्या संकेतस्थळावर अनेक अल्बमांसोबत शब्द दिलेले असतात.

गिटार फाटल्यासारखी वाजते. स्पीकर बिघडला की काय?

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि मला तो फार आवडतो. गिटारचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ढकलला की ध्वनिलहरींची टोकं कापली जातात. त्यातून मूळ स्वरासोबत अनेक वरचे स्वर उमटतात आणि नाद जाड, खरखरीत होतो. तंबोऱ्याला जवारी लावतात तेव्हाही हेतू जवळपास हाच असतो: तार घोडीला अशी घासावी की एका स्वरातून अनेक स्वर निघावेत. तंबोरा जुळवताना जवारी ऐकलेल्या माणसाला गिटारचा हा फाटका नाद, म्हणजे डिस्टॉर्शन, समजायला वेळ लागत नाही.

यासाठी वेनस्डे या नॉर्थ कॅरोलिनाच्या बँडचा 2023 चा 'रॅट सॉ गॉड' ऐका. त्यात आठ मिनिटांहून मोठं एक गाणं आहे, 'बुल बिलिव्हर', आणि त्याचा शेवट गायिका कार्ली हार्ट्झमनच्या किंचाळण्यात होतो. पहिल्यांदा ऐकताना आमच्या बैठकीत सगळे गप्प झाले होते. त्याच गोंगाटात स्टील गिटारचा लांबट, रडवेला स्वर तरंगत असतो. त्यांचा 2025 चा 'ब्लीड्स' थोडा जास्त सुरेल आहे. ज्यांना एकदम एवढा मारा नको त्यांनी 'ब्लीड्स'पासून सुरू करावं.

गायक बेसूर वाटतात. हे चालतं का?

चालतं. एकादशीच्या भजनात अभंग धरणारा बुवा शिकलेला असतोच असं नाही, तरी मंडप भारून जातो. या संगीतातही गळ्याची सफाई दुय्यम आणि सच्चेपणा आधी. गीज या न्यूयॉर्कच्या तरुण बँडचा गायक कॅमेरॉन विंटर आवाज ओढतो, मोडतो, मध्येच गुरगुरतो. 2025 च्या 'गेटिंग किल्ड'मध्ये हे सगळं आहे. पहिलंच गाणं आरडाओरड्याचं आहे, त्यावरून अल्बम जोखू नका. मला स्वतःला विंटरचा एकट्याचा 'हेवी मेटल' जास्त भिडला. नाव गोंगाटी रॉकच्या एका प्रकाराचं असलं तरी तो बराचसा पियानोवरचा, एकाकी अल्बम आहे. तो 2024 च्या डिसेंबरात आला.

एखादं गाणं ऐकलं तर पुरत नाही का? अख्खा अल्बम कशाला?

गाणी कोणत्या क्रमाने लावायची यावर हे लोक खूप विचार करतात. एम. जे. लेंडरमनच्या 'मॅनिंग फायरवर्क्स' (2024) मध्ये नऊच गाणी आहेत. एकटी पडलेली, स्वतःवर चिडलेली पुरुषमाणसं त्यात एकामागून एक येतात. शेवटचं गाणं दहा मिनिटांचं आहे, आणि त्यातला बराच वेळ शब्द संपल्यानंतरची नुसती घरघर आहे. ती घरघर सुटी ऐकली तर कंटाळा येईल. आधीची आठ गाणी ऐकून तिथे पोचलात की ती कशासाठी आहे हे कळतं.

बहुतेक अल्बम पाऊण तासाचे असतात. जळगावहून अमळनेरला पॅसेंजरने जाता-जाता एक होतो. दोन तासांहून मोठा अल्बम हवा असेल तर सिंडी ली यांचा 'डायमंड ज्युबिली' (2024), बत्तीस गाण्यांचा, धुळ्याच्या एसटीत बसताना लावा. तो सुरुवातीला गाण्यांच्या कोणत्याही मोठ्या अ‍ॅपवर नव्हता. यूट्यूबवर एकच सलग फाइल आणि एका साध्या संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय, एवढ्यावर तो जगभर पोचला. जाहिरात जवळपास शून्य, तरी वर्षअखेरीच्या अनेक याद्यांत तो वर होता.

एक काळजी घ्या. अ‍ॅपमध्ये शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावण्याची सोय, बंद करा. फुकटच्या योजनेत क्रम मोडत असेल किंवा मध्ये जाहिराती येत असतील तर बँडकॅम्प किंवा बँडच्या अधिकृत यूट्यूब पानावर तोच अल्बम शोधा.

एकदा ऐकला, आवडला नाही. सोडून देऊ?

तीन वेळा ऐका, वेगवेगळ्या वेळी. तरी नको वाटला तर सोडा, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

2024-25 मधले आणखी कोणते अल्बम सुचवाल?

वॅक्सहॅचीचा 'टायगर्स ब्लड' (2024). केटी क्रचफिल्ड ही अलाबामाची. तिथल्या वॅक्सहॅची नावाच्या ओढ्याचं नाव तिने स्वतःच्या गाण्यांसाठी घेतलं. गाणी ग्रामीण अमेरिकेच्या कंट्री संगीताला लागून आहेत, बॅन्जो आहे, आणि लेंडरमन इथे तिच्या मागे गातो. दारू सुटलेल्या, संसाराला लागलेल्या, पण मनातली तगमग न संपलेल्या बाईचा हा आवाज आहे. 'राइट बॅक टू इट' हे गाणं मी ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांतल्या कुणीच नाक मुरडलं नाही.

डब्लिनच्या फॉन्टेन्स डी.सी.चा 'रोमान्स' (2024) जोरकस आहे. त्यातल्या 'स्टारबर्स्टर' या गाण्यात गायक मध्ये मध्ये मोठ्याने श्वास ओढतो. ग्रियान चॅटनला लंडनच्या रेल्वे स्थानकावर भीतीचा झटका आला होता, त्यातून ते गाणं आलं. ज्यांनी असा झटका अनुभवला आहे त्यांना तो श्वास लगेच ओळखू येतो.

लीड्सच्या इंग्लिश टीचर या बँडच्या 'धिस कुड बी टेक्सस'ला अल्बमसाठी दिला जाणारा ब्रिटनमधला 2024 चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. लहान गावातून आलेल्या, आपण नक्की कुठले हे शोधणाऱ्या मुलांनी तो जरूर ऐकावा.

बिग थीफच्या 'डबल इन्फिनिटी' (2025) विषयी माझं मत थोडं अडखळतं. सुंदर आहे, पण मी कुणाला सांगताना आधी त्यांचाच 2022 चा 'ड्रॅगन न्यू वॉर्म माउंटन आय बिलीव्ह इन यू' सांगतो. वीस गाणी, चार वेगवेगळ्या ठिकाणी ध्वनिमुद्रित केलेली, आणि चार मित्र एका खोलीत वाजवत आहेत हे प्रत्येक गाण्यात ऐकू येतं.

माझी पन्नाशी उलटली. हे पोरासोरांचं संगीत आहे ना?

यो ला टेंगो हा बँड 1984 पासून वाजवतो आहे. त्यात नवरा-बायको आहेत. त्यांचा 2023 चा 'धिस स्टुपिड वर्ल्ड' म्हातारपणाकडे शांतपणे बघतो. गायिका किम डील 1961 ची. तिचा स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम 'नोबडी लव्ह्ज यू मोर' 2024 मध्ये आला. वर सांगितलेल्या 'डबल इन्फिनिटी'वर झिदर हे तारांचं वाद्य वाजवणारे लाराजी 1943 चे आहेत.

आपल्या देशातलं सांगा ना.

हिंदीतून यायचं असेल तर द लोकल ट्रेन हा बँड. 'आलस का पेड' (2015) आणि 'वाक़िफ़' (2018). कॉलेजच्या मुलांना हे बहुधा माहीत असतं. आईवडिलांनीही ऐकावं, कारण शब्द साधे आणि चाली लगेच ओठांवर येणाऱ्या आहेत. पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज मवाळ, उन्हं उतरल्यावर ऐकावेत असे. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग यांचा 'सायन्स सिटी' (2019) नीटनेटका, स्वप्नाळू आहे.

पण खान्देशातल्या माणसाने एक जुना अल्बम ऐकायलाच हवा: इंडियन ओशनचा 'कंदिसा' (2000). त्यात 'मा रेवा' हे नर्मदेचं लोकगीत आहे. बेस वाजवणारे आणि गाणारे राहुल राम 1990च्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होते. नर्मदा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे आपलंच गाव. हे ठाऊक असताना ते गाणं ऐकलं की त्यातली नदी दूरची राहत नाही. याच बँडने 2010 मध्ये '16/330 खजूर रोड' या अल्बमची गाणी लोकांना फुकट उतरवून घेऊ दिली. कंपनीच्या तालावर न चालणं म्हणजे काय, याचं ते आपल्या देशातलं ठळक उदाहरण.

आमनी अहिराणीमा असं काही शे का?

काम करण्याची पद्धत बघितली तर अहिराणी गाणी कधीपासूनच स्वतंत्र आहेत. धुळे-जळगावची मंडळी स्वतः लिहितात, गावातच चित्रित करतात, यूट्यूबवर टाकतात, आणि लग्नसराईत ती गाणी सुरतेपर्यंत वाजतात. मुंबईच्या कुठल्या कंपनीला विचारावं लागत नाही. फरक आहे तो आवाजाचा. बहुतेकांत कीबोर्डचा ठेका असतो आणि गाणी सुटी येतात.

मला हवा आहे तो अल्बम वेगळा. वहीगायनातली सवाल-जवाबाची ढब, कानबाईच्या गाण्यांची चाल, पावरीचा घुमारा, आणि शेजारी एक खरखरीत गिटार. आठ-नऊ गाणी, सगळी अहिराणीत, कपाशीच्या भावापासून पुण्याला गेलेल्या पोरांच्या खोल्यांपर्यंत. मराठीत अभंग रिपोस्ट या बँडने अभंगांना बेस, गिटार आणि ड्रम लावून दाखवले आहेत आणि ते कुठेही उपरं वाटत नाही. मग कानबाईचं गाणं का नाही? तुमच्यापैकी कुणी असं काही करत असेल तर कच्चं ध्वनिमुद्रणही आमच्या बैठकीत आणा. सगळे मिळून पूर्ण ऐकू.

चांगले हेडफोन घ्यावे लागतील का?

महागडे नको. तारेचे साधे इअरफोनही पुरतात. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, त्यात बेस जवळपास ऐकूच येत नाही आणि अर्धं गाणं हरवतं. डीजेवाल्याच्या मोठ्या पेट्यांवर उलटं होतं, बेसखाली आवाज दबतो.

मे महिन्यातल्या दुपारी कूलर सुरू असतो तेव्हा गोंगाटाचे अल्बम लावा. बिग थीफची गायिका एड्रियन लेंकर हिचा 'साँग्ज' (2020), जो तिने मॅसॅच्युसेट्समधल्या एका खोलीच्या लाकडी घरात टेपवर ध्वनिमुद्रित केला, तो पहाटेसाठी राखून ठेवा. त्यात पक्षी ऐकू येतात. रावेर-यावलकडचे आमचे दोन शेतकरी मित्र रात्रीच्या लाइटवर पंप चालवायला मळ्यात जातात तेव्हा अल्बम आधीच उतरवून नेतात. सातपुड्यात, धडगाव किंवा तोरणमाळकडे जाणार असाल तर तुम्हीही तेच करा, तिथे रेंजचा भरवसा नाही.

फुकट मिळत असताना विकत कशाला घ्यायचं?

कारण ऐकण्यातून या बँडना फार थोडं मिळतं. स्पॉटिफायवर वर्षभरात 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला 2024 पासून काहीच मिळत नाही. बँडकॅम्पवर डिजिटल अल्बम विकत घेतला तर ती साइट साधारण 15 टक्के कापते, बाकीचं पैसे चुकते करण्याचा खर्च वजा जाता बँडकडे किंवा त्याच्या कंपनीकडे जातं. 20 मार्च 2020 रोजी, महामारीने कार्यक्रम बंद पडले तेव्हा, त्यांनी ठरावीक शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडायला सुरुवात केली. त्या शुक्रवारी घेतलं तर आणखी चांगलं. परदेशी व्यवहार सुरू असलेलं कार्ड लागतं.

विद्यार्थी असाल तर स्वतःवर ओझं घेऊ नका. ज्या एका अल्बमशिवाय वर्ष गेलं नसतं, तो एक घ्या.

मित्राला अल्बम सुचवायचा तर कसा?

एका वेळी एकच. दहा लिंक पाठवल्या की एकही उघडली जात नाही. सोबत एक वाक्य लिहा, आणि ते अल्बमबद्दल नको, त्याच्याबद्दल हवं: "तुझे वडील ट्रम्पेट वाजवायचे, म्हणून हा." कोणत्या गाण्यापासून सुरुवात करायची तेही सांगा. ते पहिलंच असेल असं नाही. "ऐकलंस का?" असं रोज विचारू नका. आठवड्याने भेटलात की त्याला बोलू द्या. त्याला नाही आवडला तर का नाही, हे नीट ऐकून घ्या, त्यातूनच पुढचा अल्बम सापडतो. आमच्या बैठकीतल्या एका बाईंना 'गेटिंग किल्ड' अजिबात सोसला नाही. त्या म्हणाल्या, "कुणीतरी कानाशी ओरडतंय." मग त्यांना लेंकर दिली. आता त्या आम्हाला अल्बम सुचवतात.

बँडचा इतिहास, वाद, कोण कुणाशी भांडलं, हे सगळं नंतर. आधी ऐकू द्या.

नवीन अल्बम कळतात कुठून?

सिअ‍ॅटलच्या केईएक्सपी या रेडिओ केंद्राच्या यूट्यूब पानावर बँड प्रत्यक्ष वाजवताना दिसतात. वॉशिंग्टनच्या एनपीआर रेडिओच्या कचेरीत 2008 पासून चालणारा टायनी डेस्क हा कार्यक्रमही बघा, टेबलामागे उभं राहून पंधरा-वीस मिनिटं वाजवतात. एखादा बँड आवडला की तो कोणत्या छोट्या कंपनीचा आहे ते पाहा आणि त्या कंपनीची बाकीची नावं चाळा.

यातला एकच सांगा, आज रात्री ऐकतो.

'टायगर्स ब्लड'. शफल बंद, पहिल्या गाण्यापासून.